प्लगमधे लावायचा वॉटमीटर, तीन महिने वापरून

पीसी किती वीज खातो हे सॉफ्टवेअरमधे बघायचो मी आधी, पण त्यात सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डचाच आकडा येतो, एसएमपीएसमधे (पीसीच्या पॉवर सप्लायमधे) उष्णता होऊन वाया जाते ती वीज, मदरबोर्ड, पंखे, मॉनिटर यातलं काहीच धरलेलं नसतं. म्हणून हा मीटर घेतला. सॉकेटमधे मीटर, मीटरमधे एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर पीसी आणि दोन्ही मॉनिटर, लगेच वॉट दिसायला लागतात.

पहिल्याच दिवशी धक्का बसला. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी १२० वॉटच्या आसपास! शोधत शोधत कळलं की एक मॉनिटर १४४ हर्ट्झवर (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आणि दुसरा ६० वर चालत होता, त्यामुळे ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचा क्लॉक (वेग) खाली येतच नव्हता. १४४ चा १२० केला आणि डोळ्यांसमोर २५ वॉट कमी झाले. सगळ्या कार्डांना असं होईल असं नाही, पण करून बघाच.

खरी मजा मात्र युनिट मोजायच्या मोडमधे आहे. माझ्या रायझन प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीने कागदावर दिलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॉट, बायोसमधे (पीसीच्या मूळ सेटिंगमधे) कमी वीज घेणारा इको मोड लावला की तो ६५ चा होतो, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या सॉकेटला मिळणारी पॉवर जास्तीत जास्त १४२ वरून ८८ वॉटवर येते. मला वाटायचं रेंडरला (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल तयार करायला) वेळ जास्त लागणार म्हणजे हिशेब तिथेच येणार, मग तोच व्हिडिओ दोन्ही पद्धतीने रेंडर करून मीटर बघितला तर वेळ थोडा वाढला पण युनिट चांगलेच कमी लागले. कारण शेवटचा थोडा स्पीड काढायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. हे वाचलेलं होतं, पण आपल्याच मशीनवर बघितल्यावर पटलं, आता इको मोड कायमचा चालूच आहे.

अजून एक, स्क्रीनसेव्हरने काही वाचत नाही हो, थ्रीडीवाला असेल तर उलट वाढते. स्लीपला टाका. शट डाऊन केल्यावरही कीबोर्डचे दिवे चालू राहत असतील तर बायोसमधे ईआरपी नावाचं सेटिंग असतं ते ऑन करा, फक्त मग कीबोर्डचं बटण दाबून पीसी चालू होत नाही.

आता तक्रारी. दोन-तीन वॉटच्या खाली आकडा स्थिर राहत नाही, त्यामुळे स्टँडबायचं माप अंदाजानेच घ्यायचं. मीटर एवढा जाड आहे की शेजारचं सॉकेट झाकलं जातं. आणि डिस्प्लेला लाईट नाही, टेबलाखालचं सॉकेट असेल तर दर वेळी टॉर्च घेऊन वाकावं लागतं, कंपनीने डिस्प्ले वायरने बाहेर काढायची सोय दिली तर मी दुसरा लगेच घेईन. पाचपैकी चार स्टार.