लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी पाणी : फ्रेमवरच्या बाटल्या की पाठीवरची हायड्रेशन बॅग?

शंभर-दोनशे किलोमीटरच्या पल्ल्यावर निघणाऱ्या सायकलस्वारापुढे पाणी नेण्याचे मुख्यतः दोन पर्याय असतात : फ्रेमवर केज बसवून त्यात बाटल्या ठेवणे, किंवा आत पाण्याची पिशवी आणि खांद्यावरून तोंडापर्यंत येणारी नळी असलेली हायड्रेशन बॅग पाठीवर घेणे. दोन्ही प्रकार मी अनेक मोसम वापरले आहेत. दुकानदार बहुधा 'किती लिटरची दाखवू?' असे विचारतो. माझ्या मते पाणी भरून घेण्याच्या एका ठिकाणापासून पुढच्या ठिकाणापर्यंत आपल्याला किती वेळ लागतो, यावरून ही निवड ठरवावी.

पुणे-सातारा महामार्गाचे उदाहरण घेऊ. टपऱ्या, धाबे आणि पेट्रोल पंप येथे इतक्या जवळजवळ आहेत की, 750 मिलीच्या दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर पाणी, खंबाटकी घाट धरूनही पुरेसे ठरते. बहुतेक रोड सायकलींच्या फ्रेमवर दोन केजसाठी भोके तयारच असतात, त्यांतील अंतर 64 मिमी असे ठरलेले असते, आणि अॅलन कीने पाच मिनिटांत काम होते. केज काही शे रुपयांत मिळते. मात्र ती घेताना बाटली आत घालून फ्रेम जोराने हलवून पाहावी, कारण सैल केजमधील बाटली पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर उडून रस्त्यावर जाते आणि मागून येणाऱ्या सहकाऱ्याच्या चाकाखाली सापडू शकते. सीटच्या मागे बसणाऱ्या दुहेरी केजबाबत हा धोका अधिक असल्याने, खराब रस्त्यांवर रबरी पट्टा लावल्याशिवाय ती वापरू नये.

बाटल्यांची खरी अडचण उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी अकराच्या सुमारास साध्या प्लास्टिकच्या बाटलीतील पाणी चहाइतके गरम लागते आणि पिण्याची इच्छाच मरते. पुढे थकवा येतो तो बरेचदा यामुळेच. दुहेरी भिंतीची बाटली पाणी काही काळ गार ठेवते, पण तेवढ्याच आकाराच्या साध्या बाटलीपेक्षा तिच्यात पाणी कमी मावते. म्हणून एक दुहेरी भिंतीची आणि एक साधी अशी जोडी मला योग्य वाटते : पहिलीत प्यायचे साधे पाणी, दुसरीत ओआरएस. पॅकेटवर एक लिटरचे प्रमाण दिलेले असते. पाऊण लिटरच्या बाटलीत ते सगळे ओतले तर द्रावण प्रमाणाबाहेर तीव्र होते, याकडे अनेकजण दुर्लक्ष करतात. पावसाळ्यात चाकाने उडालेला शेणमातीचा राडा थेट बाटलीच्या तोंडावर बसतो, तेव्हा झाकण असलेलीच बाटली घ्यावी.

हायड्रेशन बॅगचा जन्म सायकलिंगमध्येच झाला. 1989 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, भर उन्हाळ्यात होणाऱ्या शंभर मैलांच्या एका सायकल कार्यक्रमासाठी मायकेल आयडसन यांनी सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीवर अडकवली, आणि त्यातून पुढे 'कॅमलबॅक' ही हायड्रेशन बॅग बनवणारी कंपनी उभी राहिली. हात हँडलवरून न काढता पिता येणे, हा बॅगचा गुण आजही निर्विवाद आहे. घाटाच्या उतारावर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर तो विशेष जाणवतो. परंतु दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन, आणि ते खांद्यांवर व सीटवर दिवसभर पडते. पाठ घामाने चिंब होते, आत किती पाणी उरले ते दिसत नाही, आणि टपरीवर भरताना सामानात दाबून बसवलेली पिशवी ओढून काढावी लागते. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची असते, तेव्हा असा प्रत्येक थांबा मोजावा लागतो. शिवाय नळीत साचलेले पाणी उन्हाने तापते, म्हणून पिऊन झाल्यावर नळीत हलकी फुंकर मारून ते मागे पिशवीत ढकलण्याची सवय लावून घ्यावी. पिशवीत साखर किंवा ओआरएस घालणे मी कटाक्षाने टाळतो. नळीत बुरशी धरली की लांब ब्रशने घासूनही वास जात नाही.

असे असूनही कोकणच्या सागरी मार्गावर मी बॅगच सुचवीन. वेश्वी किंवा धोपावे येथे फेरीबोटीतून उतरले की, खाडीकाठावरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, नेणारा खडा चढ लागतो. वर जांभ्याचे उघडे कातळ, सावली नाही, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. नकाशावर वीस किलोमीटर दिसणाऱ्या अंतराला दोन तास सहज जातात, आणि तेवढ्यात दीड लिटर पाणी संपू शकते. रात्रीच्या 300-400 किलोमीटरच्या बीआरएमलाही हाच हिशेब लागू पडतो, कारण दिवसा पावलोपावली भेटणाऱ्या टपऱ्या तेव्हा बंद असतात. ज्यांना पाठीवर ओझे नको असेल, त्यांनी डाऊन ट्यूबच्या, म्हणजे हँडलकडून पॅडलकडे तिरक्या उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या, खालच्या बाजूस तिसरी केज बसवून घ्यावी. तेथील बाटली धुळीने माखते, त्यामुळे तिच्यातून थेट न पिता तिचे पाणी केवळ वरच्या बाटल्या भरण्यासाठी राखून ठेवावे.