चुंबक चिकटलं नाही, म्हणून हीटर घेतले

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे, सात टाक्यांची लाइन. फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंगाआधी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याच्या, हजार लिटरच्या टाकीत ९-९ किलोवॅटचे दोन इमर्शन हीटर (पाण्यात बुडवायचे) आहेत. दिवाळीच्या तोंडावर दोन्ही एकाच आठवड्यात गेले. डोक्यावर ऑर्डर, आणि नेमका तेव्हाच एक 'हीटरवाला' गाडीत माल टाकून गेटवर हजर.

"एसएस ३१६ आहे भाऊ, हे बघा," म्हणत त्याने खिशातून चुंबक काढलं आणि पाइपवरून फिरवलं. चिकटलं नाही. मी मान डोलावली. चुंबक ३१६ या महागड्या स्टेनलेस स्टीलला चिकटत नाही हे खरंच, पण ते ३०४ ला चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ लाही नाही. वीस वर्षं धंद्यात असून हे मला तेव्हा आठवलं नाही. भाव बाजारापेक्षा जवळजवळ निम्मा होता. पक्कं बिल हवं तर जीएसटी वरून द्यावा लागेल, म्हणाला. मी कच्च्या बिलावर घेतले. वर्षाची गॅरंटी, तीही तोंडी.

पूर्वी सकाळी सातला स्विच टाकला की पावणेदहापर्यंत टाकी ६० अंशांवर यायची. आता साडेअकरा वाजू लागले. फोन केला तर म्हणे, "साहेब, निफाडचा पारा बघा, पाणीच गार आहे." मला ते पटलंही! फेब्रुवारी उलटला तरी साडेअकराच, तेव्हा वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. ४१५ व्होल्ट थ्री फेजवर ९ किलोवॅटचा हीटर प्रत्येक फेजला साधारण साडेबारा अँपिअर घेतो. आमचे दोन्ही आठ-सव्वाआठ घेत होते, म्हणजे ६ किलोवॅटच. हे पाच मिनिटांचं काम पहिल्याच दिवशी, त्याच्यासमोर करायचं होतं.

इथवर पैशाचा प्रश्न होता. मार्चमध्ये ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, वारंवार पडायला लागला. हीटरवाल्याने फिटर पाठवला. मी बँकेत होतो. परत आलो तर लाइन चालू, फिटर गेलेला. चार दिवसांनी जॉब (रंगवायचे भाग) टांगणारा पोरगा म्हणाला, "शेठ, टाकीत हुक टाकला की हाताला मुंग्या येतात." खाली ओली फरशी, आणि त्याच्या पायात फाटके गमबूट. टाकीच्या कडेला टेस्टर टेकवला, दिवा लख्ख लागला.

मेन बंद करून पॅनल उघडलं. ईएलसीबीच्या आतल्या-बाहेरच्या वायरी थेट जोडलेल्या. हीटरच्या डब्यात हिरवी अर्थिंगची वायर कापून तिच्या टोकाला काळा टेप गुंडाळलेला, अगदी नीट, दोन वेढे. ईएलसीबी पडणं हाच फिटरच्या दृष्टीने बिघाड होता, आणि तो त्याने 'दुरुस्त' केला होता. टाकीची स्वतःची अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती, ती मात्र माझी चूक.

लायसन्सवाला वायरमन बोलावला. त्याने हीटर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, मोजले. एकाचं इन्सुलेशन ०.१ मेगाओहमही भरेना. १ च्या खाली असेल तर आपण सप्लाय देतच नाही, असं तो म्हणाला. पाइपला वेल्डजवळ टाचणीएवढी भोकं पडली होती. पाइपच्या आत तारेभोवती असलेली पांढरी पावडर, मॅग्नेशियम ऑक्साइड, ओल झपाट्याने ओढते. ओल आत शिरली की करंट बाहेर यायला वाट मिळते.

हीटरवाल्याचा फोन बंद. दिलेल्या पत्त्यावर आता कुणी पॅकिंगचे खोके विकतो. कच्च्या बिलावर तक्रार तरी कशाची करणार? आता नवे हीटर पक्क्या बिलावर, मटेरियल सर्टिफिकेटसह घेतलेत. दर महिन्याला मेगर होतो, ईएलसीबीचं टेस्ट बटण मी स्वतः दाबतो, आणि पाणी खाली गेलं की सप्लाय तोडणारा फ्लोट स्विचही बसवला आहे.

जुने दोन्ही अंबड लिंक रोडला भंगारात घेऊन गेलो. म्हटलं, ३१६ आहे, भाव नीट लाव. पोराने पाइप घासला, बाटलीतला एक थेंब टाकला, वर बॅटरी टेकवली. थेंब लाल झाला.

"दोनशे दोन आहे काका," तो म्हणाला आणि काट्याकडे वळला.