सोलापुरात अस्सल आणि परवडणारं चायनीज: वर्षभर खाऊन झाल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. चीनमधल्या घरांत रोज शिजतं तसं जेवण मेनूकार्डावर छापून विकणारं हॉटेल मला सोलापुरात सापडलं नाही. पण तसं जेवण इथं मिळतं, आणि तेही शंभर रुपयांच्या आतबाहेर. काही गाड्यांवर मिळतं, काही चार-पाच टेबलांच्या हॉटेलांत मिळतं. पाटीवर लिहिलेलं नसतं, मागून घ्यावं लागतं. आणि ते कुठं मिळेल हे सगळं कढईमागं उभ्या असलेल्या कारागिरावर ठरतं.

अस्सल म्हणजे मला काय हवं होतं, तेही सांगते. आपण ज्याला चायनीज म्हणतो ते कोलकात्यात स्थायिक झालेल्या, हक्का नावाच्या चिनी समाजातल्या कुटुंबांनी इथल्या जिभेला जुळवून घेत घडवलं. मंचुरियनचं श्रेय तर कोलकात्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नाव काढलेल्या नेल्सन वांग यांना देतात. १९७५ साली त्यांनी ते मुंबईच्या क्रिकेट क्लबात पहिल्यांदा केलं, असं सांगतात. या पदार्थांना मी खोटं म्हणणार नाही, माझी मुलं ते आवडीनं खातात आणि मीही खाते. पण माझा मावसभाऊ टॉवेलच्या मागांच्या कामासाठी चीनला जाऊन आला तेव्हा त्यानं जे वर्णन केलं, त्यात लाल रस्सा कुठंच नव्हता. टोमॅटोत परतलेलं अंडं, सुक्या मिरचीवर फोडणी दिलेला कोबी, व्हिनेगरमधला बारीक चिरलेला बटाटा, लसणातली पालेभाजी. ऐकल्यापासून मला ते खायचंच होतं.

शिवाय आपल्या गावाचं चीनशी नातं काही कमी नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं स्मारक पाहायला आपण शाळेच्या सहलीतून जातो, पण ते तिकडं काय जेवत असतील हा विचार माझ्याही मनात कधी आला नव्हता. ते राहिले तो उत्तर चीनचा भाग भाताचा नव्हे. तिथं गहू, बाजरीसारखी बारीक भरड धान्यं आणि ज्वारी. होय, ज्वारी. शांशी प्रांताचं जे काळं व्हिनेगर चीनभर नावाजलेलं आहे, ते ज्वारीपासूनच करतात. सिचुआनच्या गोंगबाओ चिकनमध्ये सुक्या लाल मिरच्या आणि शेंगदाणे असतात. जोंधळा, शेंगा, लसूण, मिरची: ही यादी वाचून सोलापूरच्या माणसाला परकं काय वाटणार? म्हणून मला खात्री होती की ही चव इथं जमायला अवघड नाही.

सुरुवात मी मोठ्या हॉटेलांपासून केली, कारण घरच्यांना घेऊन जायला तीच सोयीची. विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्त्याच्या आसपास, जुळे सोलापूर. बसायला छान, स्वच्छता चांगली, पण पैसे जास्त मोजून चव तीच. फ्राईड राईसचे १८० ते २५० रुपये, आणि आत तोच बाटलीतला शेजवान सॉस. एका ठिकाणी मी टोमॅटो-अंडं करून देता का विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मेनूत नाही ते होत नाही." त्यांचंही बरोबर आहे. मोठ्या स्वयंपाकघरात सॉस सकाळीच तयार करून ठेवलेले असतात आणि एका टेबलासाठी वेगळं करायला कुणाला सवड नसते. या कामासाठी अशी हॉटेलं नकोत, एवढंच.

मग गाड्यांकडं वळले आणि तिथं पहिली महत्त्वाची गोष्ट कळली: वेळ. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या परमिट रूमच्या किंवा बिअर शॉपीच्या शेजारी लागतात. रात्री साडेआठनंतर तिथं येणारं गिऱ्हाईक दारूसोबतच्या चखण्यासाठी येतं. त्याला तिखट, खारट, तेलकट लागतं आणि कारागीर त्याच हातानं सगळ्यांचं करतो. तुम्ही काहीही सांगा, तो त्या वेगातून बाहेर येत नाही. त्याच गाडीवर संध्याकाळी साडेसहा-सातला जा. भट्टी नुकतीच पेटलेली असते, कढई स्वच्छ असते, कारागीर बोलायच्या मनःस्थितीत असतो. बायकांनी एकट्यानं जायलाही हीच वेळ बरी.

दुसरी गोष्ट म्हणजे काय मागायचं. माझी परीक्षा एकाच पदार्थाची आहे: साधा अंडा फ्राईड राईस. "शेजवान नको, सोया नको, रंग नको. फक्त अंडं, कांद्याची पात, मीठ आणि असली तर पांढरी मिरी." सॉस काढून घेतले की कारागिराच्या हातात आग आणि कढई एवढंच उरतं, आणि तिथं खरं कौशल्य दिसतं. भात आधी शिजवून पूर्ण गार केलेला आणि मोकळा हवा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापलेली हवी. हाय प्रेशरच्या भट्टीवर भाताचा ओलावा क्षणात उडतो, दाणा सुटा राहतो आणि त्याला हलका जळका, खमंग वास लागतो. घरच्या शेगडीवर एवढी आग मिळत नाही, म्हणून या एका बाबतीत गाडी घरापेक्षा सरस. ज्याला हे येतं त्याचा भात पांढरा-पिवळा, कोरडा आणि सुगंधी होतो. ज्याला येत नाही त्याचा भात सॉस काढल्याबरोबर भिजलेल्या शिळ्या भातासारखा लागतो. हाफचे ६० ते ८० रुपये पडतात आणि पाच मिनिटांत माणूस ओळखता येतो.

या परीक्षेत उतरले त्यांनाच मी पुढचा पदार्थ सांगितला: कोबी. चायनीजच्या गाडीवर कोबी नाही असं होत नाही, पण तो बारीक चिरून ढीग करून ठेवलेला असतो. मी सांगते, चिरलेला नको, अख्ख्या गड्ड्याची पानं हातानं मोठी-मोठी फाडून घ्या. तेलात चार सुक्या मिरच्या, ठेचलेला लसूण, मग कोबी, मोठ्या आगीवर अगदी थोडा वेळ, शेवटी कढईच्या कडेनं व्हिनेगर आणि दोन थेंब सोया. कोबी मऊ पडायच्या आत उतरवायचा. चीनमध्ये हा अगदी रोजचा पदार्थ आहे. अशोक चौकाकडच्या एका गाडीवरच्या मालकांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाले, "ताई, नुसत्या कोबीचे पैसे काय घेऊ?" आम्ही ६० ठरवले. सोबत वाफेचा साधा भात घेतला. त्या जेवणानं माझं जेवढं समाधान झालं तेवढं कुठल्याच एसी हॉटेलात झालं नाही. आता ते स्वतःही कधीतरी तो करून खातात.

टोमॅटो-अंड्याचा शोध मात्र बरेच महिने चालला. आपल्याकडच्या कारागिरांना ते भुर्जीसारखं वाटतं, म्हणून ते कांदा-हळद घालतातच. शेवटी जमलं ते एका छोट्या हॉटेलात, जिथला कारागीर दार्जिलिंगकडचा आहे. मी अर्धं वाक्य बोलेपर्यंत तो हसला, "दीदी, समझ गया." अंडी आधी वेगळी, भरपूर तेलात फुलवून काढली. मग टोमॅटो चिमूटभर साखर घालून रस सुटेपर्यंत परतले, अंडी परत घातली, वर पात. बस्स. आंबट-गोड रस भातात मुरतो आणि लहान मुलंसुद्धा हट्ट न करता खातात. ९० रुपयांत दोघांची भाजी होते. जे लोक चायनीज म्हणजे पित्त असं म्हणतात त्यांनी आधी हे खाऊन बघावं.

बटाट्याचा पदार्थ इथं फारसा जमला नाही. काडीसारखा चिरून, धुऊन पिष्ट काढून, व्हिनेगरात परतलेला बटाटा थोडा करकरीतच राहायला हवा. आपल्या कारागिराला तो कच्चा वाटतो आणि तो हटकून शिजवतो. हॉट अँड सोअर सूपचंही तसंच. त्यातला तिखटपणा पांढऱ्या मिरीचा आणि आंबटपणा व्हिनेगरचा असायला हवा, पण गाडीवर लाल मिरचीचा सॉस पडतो. पांढरी मिरी ठेवणारे थोडे आहेत. जिथं बरणी दिसेल तिथं सूप घ्या.

मोमोंबद्दल एक शब्द. ते मूळचे तिबेट-नेपाळकडचे, पण चीनच्या उत्तरेत घरोघरी होणाऱ्या जियाओझचे, म्हणजे सारण भरलेल्या करंजीसारख्या डंपलिंगचे, जवळचे नातलग. वाफवलेलेच घ्या, मेयोनीज नको म्हणा, आणि ठेचलेला लसूण, व्हिनेगर, थोडा सोया यांत बुडवून खा. उत्तर चीनची चव स्वस्तात हवी तर हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आता सॉसचं. खरी अडचण इथं आहे, कारण चिनी चव आगीइतकीच आंबवण्यावर उभी असते. गाडीवरचा सोया बहुतेक वेळा कॅरॅमलचा रंग आणि मीठ असतो, व्हिनेगर सिंथेटिक असतं. आंबवलेल्या सोया सॉसच्या बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच ठळकपणे असतं. बार्शीकडं एवढं सोयाबीन पिकतं आणि आपण रंगीत पाणी खातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी एक चांगली बाटली विकत घेतली आणि त्या दार्जिलिंगच्या कारागिराकडंच ठेवून दिली. एका वेळी चमचाभरच लागतो, त्यामुळं ती पुष्कळ महिने पुरली. त्याला ती इतकी आवडली की मालकांना सांगून त्यानं दुसरी स्वतः मागवली.

सिचुआनच्या जिभेला मुंग्या आणणाऱ्या मिरीचंही असंच. ती इथल्या दुकानांत मला मिळाली नाही, पण कोकणातलं तिरफळ तिच्याच कुळातलं आहे. कोकणातल्या मैत्रिणीकडून आणलेली तिरफळं आतली बी काढून, भाजून, कुटून नेली. वास थोडा वेगळा, पण ती झिणझिण बरीच जवळची. शेंगदाणे आणि सुक्या मिरचीच्या चिकनवर चिमूटभर टाकली तेव्हा माझा मावसभाऊ म्हणाला, "हेच. हेच तिथं होतं."

अजिनोमोटोला मी घाबरत नाही. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. टोमॅटोतही ती निसर्गतःच असते. चिमूटभर चालेल, चमचाभर पडत असेल तर मूळ चव झाकली जातेय असं समजा. रंगाबाबत मात्र मी कडक आहे. शेजारच्या कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडले होते. ज्या गाडीवरचं तळलेलं चिकन नारिंगी चमकतं आणि बोटं लाल होतात, तिथं मी थांबत नाही. मुलांना तर अजिबात देऊ नका.

शाकाहारी घरांसाठी: गाडीवर कढई आणि झारा बहुधा एकच असतो. आमच्या शेजारच्या काकूंसोबत गेले तेव्हा आधीच विचारलं, तर कारागिरानं दुसरी कढई काढली. विचारल्याशिवाय काढत नाहीत. संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर हे सोपं जातं. अस्सल चिनी जेवणात डुकराचं मांस पुष्कळ असतं, ते इथं शोधू नका, चिकनवर भागतं.

ठिकाणांची नावं मी मुद्दाम देत नाही, आणि त्याचं कारण वर्षभरात दोनदा भोगलं. रेल्वे लाईन्सकडच्या एका गाडीचा भात सगळ्यात चांगला होता. कारागीर हैदराबादला गेला आणि पुढच्या आठवड्यात त्याच पाटीखाली, त्याच कढईत चिकट लाल भात मिळाला. दुसरीकडंही तेच झालं. म्हणून पाटी लक्षात ठेवू नका, माणूस लक्षात ठेवा. चांगल्या कारागिराशी ओळख ठेवा, तो गाडी बदलणार असेल तर कुठं जातोय ते विचारून घ्या. दोन वाक्यं कौतुकाची बोललात तर पुढच्या वेळी तो न सांगता सॉस बाजूला ठेवतो.

आणि नेपाळ-दार्जिलिंगकडचे बरेच कारागीर दसरा-दिवाळीला गावी जातात. त्या दिवसांत गाडी चालू दिसली तरी कढई दुसऱ्याच्या हातात असते. त्यामुळं नवीन जागा पारखायची असेल तर ती तुळशीच्या लग्नानंतर पारखा, संध्याकाळी सातच्या आत, आणि सुरुवात साध्या अंडा राईसनं करा.