पेनाला शोभणारा लायोल चाकू: हिवाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझ्या लायोल चाकूच्या, म्हणजे मिटणाऱ्या फ्रेंच चाकूच्या, मुठीची कड नखाला अडते अशी तक्रार मी तो बनवणाऱ्या वर्कशॉपकडे केली होती. त्यांचं उत्तर एकदाचं आलं. तीन ओळींचं. एबनी हे नैसर्गिक लाकूड आहे, ते हवेप्रमाणे थोडं आक्रसतं-फुगतं, सबब तक्रार वॉरंटीत बसत नाही. दोनशेच्या वर युरो मोजलेल्या चाकूबद्दल इतकंच ऐकायला मिळणार असेल, तर बाकीचं मीच लिहितो. वर्कशॉपचं नाव घेत नाही. फ्रान्समधल्या तिएर गावात सुऱ्या-चाकू बनवणारे पुष्कळ आहेत, त्यातलं एक समजा.

चाकू नेहमीचाच: 12 सेंटिमीटरची मूठ, एबनीच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना पितळेचे बोल्स्टर म्हणजे धातूच्या टोप्या, 12सी27 जातीच्या स्टेनलेस पोलादाचं पातं, स्प्रिंगवर हाताने कानस चालवून काढलेली नक्षी आणि वर लायोलची ओळख असलेली ती धातूची मधमाशी. घेण्यामागचं कारण मात्र पेन. माझ्याकडे मोंब्लाँचं 146 आहे, काळं, टोपणावर तीन सोनेरी कड्या. त्याच्या शेजारी ठेवला तर एकाच घरातला वाटेल असा चाकू हवा होता. ज्यांना हा नाद आहे त्यांना कळेल, ज्यांना नाही त्यांना घरच्यांसारखंच हसू येईल.

मी क्लेरमाँ-फेराँला राहतो, तिएर तिथून तासाभराच्याही आत. दुकानात पेन सरळ काउंटरवर काढून ठेवलं आणि शेजारी एकेक मूठ लावून बघितली. शिंगाच्या मुठीत करड्या रेषा होत्या, ऑलिव्हच्या लाकडाचा तर प्रश्नच नव्हता. एबनी ठेवली आणि काम झालं. काळ्याला काळं, सोनेरीला पितळ. विक्रेत्याने तेवढ्यात मधमाशी नेपोलियनने बहाल केल्याची गोष्टही ऐकवली. या चाकूचा जन्म 1829 चा सांगतात आणि नेपोलियन 1821 मध्येच गेला, पण चांगला सौदा चालू असताना कोण वाद घालतो.

तेव्हा चांगलं आधी सांगून टाकतो, कारण ते थोडक्यात आटपतं. पातं उत्तम आहे. पाव, सॉसिसों (वाळवलेलं सॉसेज), सफरचंद, सँ-नेक्तेरसारखं मऊ चीज, सगळं न फाडता कापतं. दगडावर अधूनमधून चार हात फिरवले की धार परत येते. उघडताना जो टक् आवाज येतो त्यासाठी मी तो विनाकारण उघडतो. फक्त मिटवताना पातं बोटांनी धरून हळूच आत न्या. सोडून दिलंत तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि तिथे बोथट होते. याला लॉक नसतो, हे माहीत असूनच घेतात.

आता पितळ. विकत घेतलं त्या दिवशी बोल्स्टर आणि पेनाच्या कड्या एका सोनाराने घडवल्यासारख्या दिसत होत्या. पेनाच्या कड्यांवर सोन्याचा मुलामा आहे, तो आजही तसाच. बोल्स्टर उघड्या पितळेचे, वर काही थर नाही. हाताचा घाम लागला की आधी पिवळेपणा मरतो, मग तपकिरी छटा येते, आणि मूठ जिथे तळहातात बसते तिथे अंगठ्याएवढा डाग पडतो. पुढचा बोल्स्टर जास्त काळवंडतो, मागचा कमी. म्हणजे पेनाशी तर जुळत नाहीच, एकाच चाकूची दोन टोकंही एकमेकांशी जुळत नाहीत. लोक याला ‘पतीना’ म्हणून मिरवतात. मिरवू देत. मी जोडीचे पैसे दिले होते.

त्यात हिवाळा आला. हीटर सुरू झाले, घरातली हवा कोरडी पडली आणि एबनी आक्रसली. पितळ आक्रसत नाही. मुठीच्या पाठीवरून अंगठा फिरवला की लाकूड आणि आतली पितळी पट्टी जिथे भेटतात तिथे पट्टीची कड नखाला अडायला लागली. डोळ्यांना दिसतही नाही, पण एकदा लागली की दर वेळी तिथेच बोट जातं. फोटो पाठवले. ‘चाकू पाठवा’ म्हणाले. रजिस्टर पोस्टाचा खर्च माझा. परत आला तो चकचकीत पॉलिश करून, तेल देऊन, आणि कड जशीच्या तशी. जी तक्रार केली नव्हती ती दूर केली, केली होती ती तशीच ठेवली. बोल्स्टर पुन्हा पेनाला जुळले म्हणून मी आठवडाभर खूशही होतो. मग पुन्हा तपकिरी. मी पुन्हा लिहिलं, त्यावर वरच्या तीन ओळी.

राग जास्त आला तो गावामुळे. ड्युरोल नदीच्या काठी याच तिएरमध्ये धार लावणारे फळीवर पालथे पडून, तोंड खाली करून पाण्यावर फिरणाऱ्या दगडावर पाती घासायचे. थंडीत ऊब राहावी म्हणून पायांवर कुत्रा झोपवायचे. तिथल्या संग्रहालयात हे पाहिल्यावर चाकू हातात घेताना जरा अदब वाटते. त्या गावाने मला कॉपी-पेस्ट उत्तर पाठवावं?

एप्रिलमध्ये इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आता पुढचं.

जुलैत चिपळूणला गेलो. पेन खिशात गेलं, चाकू चेक-इन बॅगेत. जोडी म्हणून घेतलेल्या दोन वस्तू प्रत्येक विमानप्रवासात अशा वेगळ्या होतात. तसा तो फ्रान्समध्येही खिशात नसतोच, सबळ कारणाशिवाय चाकू बाळगणं तिथे कायद्यात बसत नाही. नाव खिशातल्या चाकूचं, मुक्काम ड्रॉवरमध्ये.

चिपळूणच्या पावसात चारच दिवस राहिला आणि मुठीची कड गेली. अंगठा फिरवला तर लाकूड आणि पितळ एकसारखं, गुळगुळीत. लाकूड फुगून परत जागेवर आलं होतं. म्हणजे वर्कशॉपचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण हेच वाक्य विकताना बोलायला काय हरकत होती? ‘घरात हीटर असेल तर एबनी घेऊ नका’ एवढं सांगितलं असतं तर मी दुसरं काही बघितलं असतं. आता परत आल्यावर कड पुन्हा हळूहळू डोकं वर काढते आहे. चाकू कोकणातच ठेवावा, असं एकदा मनात आलं होतं.

तिथे फणसावर वापरून बघावा म्हणून काढला, तर भावोजी म्हणाले, “ठेव ते पेन्सिलीला. कोयती आण तिकडची.” आई देवांची उपकरणी घासायला बसली होती, तिने पातं फडक्यात गुंडाळून बोल्स्टरना चिंचेचा कोळ लावला. क्षणात लख्ख. मी लगेच पेन काढून शेजारी धरलं. चिंचेने घासलेल्या पितळेला किंचित तांबूस झाक येते, सोन्याचा पिवळा तो नव्हेच. आईला काही फरक दिसेना. “दोन्ही पिवळंच आहे की रे,” म्हणाली. बायकोला विचारलं, तिलाही दिसेना. मला अजून दिसतो.

म्हणून कुणी विचारलं तर: चाकू म्हणून घ्या, पेनाचा जोडीदार म्हणून नको. आणि लायोल या नावावर भुलू नका. ते लायोल गावातही बनतात, तिएरमध्येही, आणि त्याच नावाने चीन-पाकिस्तानातूनही येतात. पातं कोणत्या पोलादाचं आणि कुठे बनलं हे विचारूनच पैसे द्या. नुसता पाव-चीज कापायचा असेल तर पंधराएक युरोंचा ओपिनेल कंपनीचा 8 नंबरचा चाकू घ्या, त्याला फिरवून बसवायची कडी असते, पातं बोटांवर मिटत नाही. माझ्या घरी स्वयंपाकघरात तोच वापरात आहे, हेही सांगायला हवं.

मध्यंतरी स्टीलच्या बोल्स्टरचा एक लायोल दिसला. तो काळवंडणार नाही. पण स्टीलला सोनेरी कड्यांचं पेन जुळत नाही, प्लॅटिनमच्या कड्यांचं लागतं. त्या पेनाची किंमत बघितली आणि टॅब बंद केला.