क्यूआर कोड होता, परवानगी नव्हती

1994 साली वडिलांनी घर बांधलं तेव्हा नगरपालिकेचे ओव्हरसियर स्वतः टेप घेऊन जागेवर आले होते. "अण्णा, मागच्या बाजूला जागा कमी सुटतेय," असं सांगून त्यांनी नकाशा परत केला. चार हेलपाटे पडले, पण कागदावर सही कोणाची हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

यंदा आमच्या दोन गुंठ्यांवर मला घर बांधायचं होतं. बांधकाम परवानगीसाठी नगरपालिका कार्यालयात गेलो तर खिडकी बंद, वर पाटी: सर्व अर्ज ऑनलाइन. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक जण भेटला, स्वतःला परवानाधारक इंजिनिअर म्हणवणारा. सातबारा, मोजणी नकाशा, आधार त्याला दिलं. विकास शुल्क आणि त्याची फी मिळून 1 लाख 85 हजार रुपये यूपीआयने त्याच्याच खात्यात टाकले. चलन मागितलंच नाही. अर्जाचं लॉगिनही त्याच्याच मोबाइल नंबरावर.

राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत 150 ते 300 चौरस मीटरच्या लहान भूखंडाला दहा दिवसांत परवानगी मिळण्याची सोय आहे. आमचा भूखंड 202 चौरस मीटर. म्हणून अकराव्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली तेव्हा शंकाच आली नाही. शिक्का, क्रमांक, सही, सगळं होतं. क्यूआर कोड स्कॅन केला तर तीच पीडीएफ उघडली. पण ती सरकारी संकेतस्थळावरची नव्हती, त्यानेच कुठेतरी चढवलेली होती. वरचा पत्ता मी वाचलाच नाही.

काम जोत्यापर्यंत आलं आणि थांबवण्याची नोटीस हातात पडली. तीन दिवस खेटे घातल्यावर आतल्या एका लिपिक बाईंनी क्रमांक टाकून पाहिला. "दादा, असा अर्जच आलेला नाही." दोन मिनिटांचं काम होतं. पायाला कुदळ लावण्याआधी कागद घेऊन आत जा, ते दोन मिनिटांचं काम करून घ्या. ऑनलाइन आहे म्हणून कोणी परतवलं तरी हटू नका. इंजिनिअरचा परवाना क्रमांकही तिथेच विचारा, आणि शुल्क फक्त स्वतःच्या नावाच्या चलनाने भरा.

कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून 65 इमारतींची महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याचं उघड झालं, उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. तिथे घरं घेतलेल्यांची भीती मला आता कळते.

पोलिसांत तक्रार दिली आहे, त्या इंजिनिअरचा फोन बंद आहे. दुसऱ्या वास्तुविशारदाकडून नवा अर्ज केलाय, चलन मी स्वतः भरलं. जोत्यातून वर आलेल्या सळया गंजायला लागल्या आहेत.