दोन पावसाळे वापरल्यावर: गाडी चोख, पण ब्रेकमागचा तो पत्रा!

मायलेज, एसी, डिकी यांवर नव्याने सांगण्यासारखं काही नाही. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. कोल्हापूर ते कणकवली अधूनमधून, बाकी गावातली ये-जा. इंजिनाबद्दल तक्रार शून्य. लिहायला बसलोय ते एका वीतभर पत्र्यामुळे.

पुढच्या ब्रेक डिस्कच्या आतल्या बाजूला पातळ पत्र्याची थाळी असते, चिखलपाणी डिस्कवर उडू नये म्हणून. गॅरेजवाले तिला डस्ट कव्हर म्हणतात. डिस्क आणि ही थाळी यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरची फट. गगनबावड्याकडून खाली उतरताना उखडलेल्या खडीवरून गाडी गेली आणि पुढच्याच वळणाला सुरू झालं: खर्रर्र! सरळ रस्त्याला गप्प, उजवीकडे वळवली की खर्रर्र. गावात परतल्यावर तर चौकातली माणसं वळून बघायला लागली.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेटपर्यंत नेऊन आणली आणि निकाल लागला. "सर, डावा एक्सल आणि दोन्ही बाजूंचे हब बेअरिंग. सेटमध्येच बदलावे लागतात. सेफ्टीचा प्रश्न आहे." एक्सल म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, हब बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते. एस्टिमेट साडेअठरा हजार, जीएसटी वेगळा. चाक काढून बघितलं का, विचारलं तर "चेक केलंय सर." जॉबकार्डावर तशी नोंद नव्हती. गाडी घेऊन घरी आलो.

एक्सलचा जॉइंट गेला की आवाज असा येतच नाही. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण कापून, हलका रेस देत गोल फिरवा. जॉइंट खराब असेल तर कट-कट-कट असे सुटे ठोके ऐकू येतात. बहुतेक वेळा त्याआधी जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला असतो आणि रिमच्या आतून ग्रीसचे शिंतोडे दिसतात. माझे दोन्ही बूट धड होते. जुन्या गाड्यांत पॉवर स्टेअरिंगचं तेल कमी झालं की पूर्ण कापल्यावर पंप कण्हतो, पण या गाडीचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक, म्हणजे तेल नाही आणि पंपही नाही. शिवाय ब्रेकवर हलका पाय ठेवला की खरखर बदलायची. म्हणजे भानगड डिस्कपाशीच.

पंक्चरवाल्याकडे चाक उतरवलं. डिस्क आणि पत्र्याच्या मध्ये काळ्या खडीचा वाटाण्याएवढा तुकडा अडकलेला, डिस्कवर गोल चरा. स्क्रू ड्रायव्हरने खडा काढला, पत्रा बोटाने जरा मागे वाकवला, आवाज बंद. तो पैसे घ्यायला तयार नव्हता, बळेच पन्नास रुपये दिले. साडेअठरा हजार आणि पन्नास! गाडीला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला शून्य, असं तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

मग पुढचा पावसाळा संपता संपता पुन्हा आवाज. मी आधी पत्र्यालाच शिव्या घातल्या, पण या वेळी जात वेगळी होती. साठच्या पुढे घूंऽऽ अशी घरघर, टायर वाजतोय असं वाटावं अशी. उजव्या वळणावर वाढायची, डाव्या वळणावर जवळजवळ बंद. उतारावर गाडी क्षणभर न्यूट्रल करून पाहिली, घरघर तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा संशय डाव्या बेअरिंगवर.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले म्हणजे ढिलेपणा फारसा नाही. मग एका हाताने चाक फिरवत दुसरा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. "हात लावून बघा की दादा, कळतंय काय?" स्प्रिंगमधून बारीक थरथर थेट बोटांत येत होती. उजव्या बाजूची स्प्रिंग एकदम शांत. दोन मिनिटांत निदान, लॅपटॉप न लावता.

बेअरिंग २,१०० रुपये, मजुरी आणि प्रेस (दाबून बसवायचं मशीन) मिळून १,२००. यात पैसे वाचवायचे नाहीत ती गोष्ट एकच: बेअरिंग प्रेसवर बसवून घ्या, हातोड्याने ठोकलेलं टिकत नाही. माझ्या गाडीतल्या बेअरिंगला एका बाजूला एबीएससाठी (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मॅग्नेटची रिंग आहे. ती सेन्सरकडेच आली पाहिजे, उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम परत. एक्सलचा नट नवा टाकला आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे मोजून ठरलेल्या जोराने, आवळून घेतला.

तर एस्टिमेटमधलं एक नाव अखेर खरं ठरलं. म्हणून सर्व्हिसच्या शून्याचा एक केलाय. त्याहून जास्त देणार नाही, कारण खडा अडकलेला असताना त्यांनी बेअरिंग विकायला काढलं होतं, आणि एक्सल आजही मूळचाच व्यवस्थित चालतोय.

गाडीला मात्र साडेचारचे चार. बेअरिंग झिजतं, त्याचा राग नाही. त्या पत्र्याचा आहे. बोटाने वाकतो एवढा लेचापेचा, खडा आत जातो सहज आणि आपसूक बाहेर निघत नाही. काही जण तो कापूनच टाकतात. मी कापणार नाही. आमच्याकडच्या पावसात डिस्क उघडी ठेवायची माझी छाती नाही. पुन्हा खडा अडकला तर आधी मोकळ्या जागी हळू रिव्हर्स घेऊन दोन-तीनदा ब्रेक मारतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच पडतो, चाक काढावं लागत नाही.

उजवं बेअरिंग कंपनीतून आलेलंच आहे. "सेटमध्येच" बदललेलं नाही. वाजेल तेव्हा बघू.