डाव्या पायाखालचे पाणी : नव्या गाडीच्या वॉरंटी-दुरुस्तीचा अनुभव

२०२३ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २२ मार्चला, आम्ही पुण्यातील एका डीलरकडून नवी गाडी घेतली. गाडीचे आणि डीलरचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अखेर मिटले आहे आणि अशी कहाणी थोड्याफार फरकाने कोणत्याही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घडू शकते. गाडी चालवायला कशी आहे, हा या परीक्षणाचा विषय नाही. पहिल्याच पावसाळ्यात निघालेला एक दोष वॉरंटीत दुरुस्त करून घेताना डीलरने जी सेवा दिली, तेवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जूनच्या अखेरीस त्याने जोर धरला आणि चार-पाच दिवसांतच गाडीचे दार उघडले की ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. पुढच्या डाव्या सीटसमोरची रबरी मॅट उचलली, तर खालचे कार्पेट ओले लागले आणि बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाणी जमले. पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. परंतु कार्पेटखाली जाड फोम असतो, तो स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या शेजारूनच वायरिंगचे कनेक्टर गेलेले असतात. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडू लागल्या की एखादा इशारादर्शक दिवा विनाकारण का लागतो किंवा काच मध्येच का अडकते याचा शोध दोन-तीन वर्षांनी घेत बसावे लागते, आणि तोवर वॉरंटी संपलेली असते. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये नेली.

सेंटर चकचकीत आहे. वातानुकूलित प्रतीक्षागृह, कॉफीचे यंत्र, आतले काम दिसावे म्हणून लावलेली मोठी काच, आणि प्रत्येक वाक्याला ‘सर’ जोडणारे सर्व्हिस अॅडव्हायझर, असे सर्व काही तेथे आहे. आमच्या वाट्याला आलेला तरुण अदबशीर होता. त्याने टॅबवर गाडीचे फोटो काढले, माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहिले : ‘एसी चेक करणे, वास येतो.’ संध्याकाळी एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी साफ करून गाडी परत मिळाली. या संशयाला माझा आक्षेप नाही, कारण ती नळी तुंबली की पाणी नेमके त्याच जागी येते आणि असे पुष्कळदा घडते. मात्र एसी न लावता रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पाणी सापडते, हे मी त्याला दोनदा सांगितले होते. ते जॉबकार्डावर कोठेच नव्हते, त्यामुळे आत काम करणाऱ्या मेकॅनिकपर्यंत ते पोहोचलेही नाही.

दुसऱ्या खेपेस संशय सनरूफवर गेला. सनरूफच्या कडेने थोडे पाणी आत शिरणे हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले असते. ते खालच्या पन्हळीत पडते आणि खांबांमधून उतरणाऱ्या नळ्यांवाटे बाहेर जाते. त्या नळ्या साफ झाल्या, गाडी वीस मिनिटे फवाऱ्याखाली उभी राहिली आणि जॉबकार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडला. पुढच्या पावसात कार्पेट पुन्हा ओले झाले.

येथे मी जरा पद्धतशीरपणे वागायचे ठरवले. रोज रात्री मॅटखाली वर्तमानपत्राची एक घडी ठेवायची, सकाळी ती पाहायची आणि गाडी कोठे उभी होती ते वहीत टिपायचे, असा पंधरा दिवसांचा क्रम ठेवला. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. भर पावसात मुळशीपर्यंत जाऊन आलो तरी कागद कोरडा राहत होता, आणि कार्यालयाच्या सपाट, उघड्या आवारात दिवसभर पावसात उभी राहिलेली गाडीही कोरडी राहत होती. भिजत होती ती फक्त घरी. आम्ही बावधनला राहतो, आमच्या सोसायटीत पार्किंगची जागा उताराला आडवी आहे आणि तेथे गाडीची डावी चाके उजव्या चाकांपेक्षा चांगली चार बोटे खाली राहतात. शिवाय कागद नेहमी इंजिनाच्या बाजूच्या कडेकडून भिजत येई. म्हणजे पाणी छतावरून किंवा दारातून येत नसून पुढून येत असावे. सोसायटीतील एका काकांनी यावर ‘जागा बदलून घ्या’ असा तोडगा सुचवला, जो स्वस्त होता यात वाद नाही.

तिसऱ्या भेटीत हे सर्व वहीसह अॅडव्हायझरपुढे मांडले. त्याने मान डोलावली आणि टाइप केले : ‘पाणी गळती चेक करणे.’ मी सही करण्यास नकार दिला. ‘सर, सिस्टीममध्ये एवढं लिहायला जागा नसते,’ असे तो म्हणाला. तेव्हा छापील प्रतीवर मी स्वतःच्या हाताने लिहिले : ‘गाडी डावीकडे कलती उभी असताना पाऊस पडल्यास पुढील डाव्या पायाखाली पाणी येते, सपाट जागी येत नाही. चाचणी त्याच स्थितीत करावी.’ त्याखाली त्याची सही आणि शिक्का घेतला, माझ्या प्रतीचा फोटो काढला आणि मगच किल्ली दिली. या एका वाक्याचा तत्काळ उपयोग झाला नाही हे मान्य करतो, कारण त्यांनी तीन दिवस गाडी ठेवून डाव्या दाराच्या आतले प्लास्टिकचे आवरण नव्याने चिकटवले आणि चाचणी पुन्हा सपाट फरशीवरच केली. परंतु पुढे सगळे वजन याच वाक्याला आले.

चौथ्या दिवशी कागद भिजला, तेव्हा मी डीलरचे वर्क्स मॅनेजर आणि कंपनीचा ग्राहक सेवा विभाग यांना एकच ईमेल पाठवला. त्यात भेटींच्या तारखा, प्रत्येक वेळचे किलोमीटर, जॉबकार्डांचे क्रमांक आणि फोटो एवढेच होते. रागाचा एकही शब्द नव्हता, जरी तो पुष्कळ शिल्लक होता. मागण्या दोन केल्या : कलत्या स्थितीतील चाचणी माझ्यासमोर व्हावी, आणि ती करायची नसल्यास कारण लेखी द्यावे. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही दुसऱ्या ईमेलने कळवला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण या टप्प्यावर पुष्कळ जण ‘गाडी बदलून द्या’ यापासून सुरुवात करतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. मात्र भाग दुरुस्त करून किंवा बदलून दोष जात असेल, तर वॉरंटीच्या अटींपलीकडे जाऊन संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका प्रकरणात घेतली आहे. मूळ उत्पादनातच दोष आहे हे दाखवायचे, तर तज्ज्ञाचा अहवाल किंवा वारंवार झालेल्या निष्फळ दुरुस्त्यांची नोंद लागते. ही नोंद म्हणजे जॉबकार्डे. आणि त्यांवर ‘वास येतो’ एवढेच लिहिलेले असेल, तर एकाच दोषासाठी चार वेळा गेल्याचे सिद्ध तरी कसे करणार?

ईमेलनंतर आठवड्याभरात बोलावणे आले. कंपनीचे विभागीय तांत्रिक अधिकारी आले होते, वर्क्स मॅनेजर होते, आणि काम करायला बॉडी शॉपमधील, म्हणजे पत्रा-रंगकामाच्या विभागातील, एक वयस्कर मिस्त्री होते. या मिस्त्रींना पहिल्याच दिवशी बोलावले असते, तर हे परीक्षण लिहिण्याची वेळ आली नसती. त्यांनी माझे हस्ताक्षरातील वाक्य वाचले, उजव्या चाकांखाली लाकडी फळ्या घालून गाडी डावीकडे कलती केली, कार्पेट दुमडले, डॅशबोर्डचा डावा कप्पा काढला आणि कॅरमच्या पटावर टाकतात ती पावडर आतल्या पत्र्यावर फुंकून पसरली. मग नळीची धार बारीक करून ते गाडीच्या खालच्या भागापासून हळूहळू वर सरकत गेले. ‘वरून मारलं की पाणी सगळीकडे पळतं साहेब, मग काय कळणार? खालून वर जायचं,’ असे ते म्हणाले. मी बॅटरी धरून आत वाकून बसलो होतो. वायपरच्या खालच्या जाळीपाशी धार पोहोचल्यावर काही मिनिटांतच पांढऱ्या पावडरीत एक काळपट रेघ वरून खाली उतरली, थांबली आणि तिच्या टोकाला थेंब लोंबू लागला.

वायपर आणि जाळी काढल्यावर प्रकार उलगडला. काचेच्या पायथ्याशी एक आडवी पन्हळ असते. काचेवरचे पाणी तिच्यात पडून दोन्ही टोकांनी खाली जाते. गाडी सपाट असताना पाणी दोन्हीकडे वाटले जाते आणि तुंबत नाही. कलती असताना सगळे डाव्या टोकाला गोळा होऊन त्याची पातळी वर चढते. त्या टोकाला दोन पत्र्यांच्या जोडावर कारखान्यातच भरायचे सीलंट साधारण दोन बोटे जागेत भरलेलेच नव्हते. पातळी त्या फटीपर्यंत चढली की पाणी आत.

अॅडव्हायझरने तेवढ्यात पन्हळीतून गुलमोहराच्या पानांचा मूठभर कचरा काढून दाखवला आणि ‘सर, हा मेंटेनन्सचा विषय होऊ शकतो,’ असे सुचवले. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मंजूर करून घ्यावे लागतात, त्यामुळे ही ओढाताण मी समजू शकतो. पण ग्राहकाच्या तोंडावर असे म्हणायला धीर लागतो. मिस्त्रींनी वाद घातला नाही. कचरा पूर्ण काढला, पन्हळ पुसली, नवी पावडर टाकली आणि पुन्हा धार सोडली. रेघ पुन्हा उतरली. विभागीय अधिकाऱ्यांनी तेथेच फोटो काढून काम वॉरंटीत मंजूर केले.

दुरुस्ती स्वतः साधी होती : जोड खरवडून साफ करणे, प्रायमर, नवे सीलंट, ते सुकू देणे आणि वरून रंग. कुबट झालेले कार्पेट फोमसह बदलून मागितले, त्याचा भाग यायला नऊ दिवस लागले आणि गणपतीच्या दोन दिवस आधी गाडी घरी आली. सुटताना बिलावर ‘इंटिरिअर सॅनिटायझेशन’ म्हणून १,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावलेला आढळला. जे पाणी त्यांच्या पत्र्यातून आले त्याचा वास काढण्याचे पैसे मी का द्यावेत, एवढेच विचारल्यावर ती ओळ निघाली. विचारले नसते, तर निघाली नसती.

चार भेटी आणि एकूण सतरा दिवस गाडी वर्कशॉपमध्ये, असा हिशेब झाला. त्या काळात पर्यायी गाडी मिळाली नाही आणि रिक्षा-टॅक्सीचा खर्च आमचाच. गाडी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी अॅडव्हायझरचा फोन आला : ‘सर, कंपनीकडून सर्व्हेचा कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेन्टिव्ह जातो.’ त्या मुलाचे नुकसान व्हावे असे मला वाटत नव्हते, तरी मी चार दिले आणि कारण सांगितले. वागणुकीला माझे आठ आहेत, बॉडी शॉपला दहा. परंतु ग्राहकाचे म्हणणे जसेच्या तसे टिपण्याच्या कामाला, ज्यावर बाकी सर्व उभे असते, दोनहून अधिक देता येत नाहीत. या सेंटरमध्ये जाणाऱ्यांनी कॉफी जरूर घ्यावी, पण आधी जॉबकार्ड वाचावे आणि आपले वाक्य त्यावर आल्याशिवाय सही करू नये. दोष कधीमधीच दिसणारा असेल, तर तो कोणत्या परिस्थितीत दिसतो हे घरीच शोधून न्यावे, कारण त्यांच्याकडे त्यासाठी वेळ नसतो.

सीलंट टिकले की नाही हे एका पावसाळ्याने कळत नाही, म्हणून २०२४ मध्येही मी कागद ठेवत राहिलो. २५ जुलैच्या पहाटे पुण्यात तो प्रसिद्ध पाऊस झाला, सिंहगड रस्त्यावरील सोसायट्यांत पाणी शिरले आणि आमच्या पार्किंगच्या उतारावरूनही लोंढे वाहत होते. गाडी नेहमीच्याच जागी, डावीकडे कलती उभी होती. छत्री धरून खाली गेलो, मॅट उचलली, तर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र कडेपर्यंत कोरडे होते.